वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण काम होत नाही: अडलंय कुठे ते ओळखायचं कसं

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते: "वाय-फाय कनेक्टेड दाखवतंय, पण चालत नाही." मग राउटर बंद करून चालू केला जातो, फोनही रीस्टार्ट होतो, थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. दोष सापडलेलाच नसतो, म्हणून तो परत येतो.

अशा वेळी स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: चालत नाही म्हणजे नेमकं कोणतं काम होत नाही? वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाय-फाय हा फोन आणि राउटर यांच्यातला रेडिओचा दुवा. राउटरच्या पलीकडे, बाहेरच्या जगाकडे जाते ती इंटरनेटची लाइन. फोनवरचं भरलेलं चिन्ह फक्त पहिल्या दुव्याबद्दल सांगतं. चिन्ह पूर्ण भरलेलं आणि तरी नेट शून्य, यात विसंगती काहीच नाही.

एकदा हे लक्षात आलं की फोनच्या वाय-फायवर होणारी कामं तीन गटांत आपोआप पडतात आणि हे गटच दोष शोधायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

पहिल्या गटात इंटरनेट लागणारी कामं: वेबपानं, व्हिडिओ, मेसेज, फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, वाय-फाय कॉलिंग. दुसऱ्या गटात एकाच राउटरला जोडलेल्या उपकरणांची आपापसातली कामं: प्रिंटरवर कागद छापणं, कॉम्प्युटरवरची फाइल फोनवर उघडणं, टीव्हीवर कास्ट करणं, कॅमेरा किंवा दिवा फोनवरून चालवणं. यातल्या छपाईसारख्या कामांना इंटरनेट लागतच नाही, राउटर चालू असला की पुरे. तिसऱ्या गटाला राउटरचीही गरज नसते: क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने फोनमधून फोनमध्ये फाइल पाठवणं, वाय-फाय डायरेक्टवरचं (दोन उपकरणांच्या थेट जोडणीवरचं) स्क्रीन मिररिंग, आणि हॉटस्पॉट, ज्यात फोन स्वतःच राउटर होतो.

आता एका गटातलं काम अडलं की दुसऱ्या गटातलं करून बघायचं. वेबपान उघडत नाही पण प्रिंट निघते? मग फोन आणि राउटर यांच्यातला दुवा ठीक आहे, दोष राउटरच्या पलीकडे, नावं शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये किंवा फोनच्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे. नेट झकास चालतं पण प्रिंटर दिसत नाही? मग इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, बहुधा राउटर उपकरणांना एकमेकांपासून लपवतोय. पहिले दोन्ही गट बंद, पण शेजारच्या फोनला फाइल जाते? फोनचा रेडिओ शाबूत आहे, राउटरकडे बघा. तिन्ही बंद असतील तरच फोनवर संशय घ्या.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी

तपासणी करताना मोबाइल डेटा बंद ठेवा. अँड्रॉइड फोनला वाय-फायवर इंटरनेट सापडलं नाही तर तो न विचारता मोबाइल डेटा वापरायला लागतो. आयफोनमध्येही २०१५ सालच्या आयओएस ९ पासून 'वाय-फाय असिस्ट' नावाची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते. रोजच्या वापरात हे सोयीचं असतं, पण दोष शोधताना त्यानेच गोंधळ होतो. वाय-फाय दुरुस्त झालं असं वाटतं आणि प्रत्यक्षात डेटा पॅक संपत असतो.

दुसरं म्हणजे त्याच जागी उभं राहून, त्याच नेटवर्कवर दुसरा एखादा फोन किंवा लॅपटॉप लावून बघा. दोन्हीकडे तीच अडचण असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये तास घालवू नका. खरं तर हे पहिल्या मिनिटाला करायचं काम, पण बहुतेक जण ते शेवटी करतात.

जोडणीच होत नसेल तर

पासवर्ड चुकीचा असणं हे उघड कारण आहे. राउटरचा पासवर्ड बदलला पण फोनने जुनाच जपून ठेवलाय, हे जरा कमी उघड. यावर उपाय एकच: नेटवर्कच्या नावावर जाऊन 'फरगेट' करा आणि नव्याने जोडा.

"आयपी पत्ता मिळवत आहे" असं दाखवून फोन तिथेच अडकला तर पासवर्ड बरोबर आहे असं समजा, कारण त्याशिवाय गाडी इथवर पोचत नाही. अडचण पुढची आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात हा पत्ता दिसतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर राउटरकडून काहीच उत्तर आलं नाही आणि उपकरणाने स्वतःच एक पत्ता धरला, असा अर्थ होतो. राउटरकडचे वाटायचे पत्ते संपले असतील तर हे होतं. एका राउटरवर खूप माणसं ये-जा करत असतील तर तशी शक्यता असते, कारण दिलेला पत्ता पुष्कळ राउटर दिवसभर राखून ठेवतात, माणूस निघून गेला तरी. राउटर रीस्टार्ट केल्यावर तात्पुरतं बरं वाटतं ते यामुळेच. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) सेटिंगमध्ये पत्त्यांची संख्या वाढवणं किंवा राखून ठेवायचा वेळ कमी करणं.

जुना फोन आणि नवा राउटर यांचं न जमण्याचं कारण बऱ्याचदा सुरक्षेच्या प्रकारात असतं. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ साली आला. त्याआधीचे अनेक फोन तो ओळखत नाहीत. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तर 'डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र' हा पर्याय लावा. मिश्र ठेवूनही एखादा फोन अडत असेल तर त्याच्यासाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क, डब्ल्यूपीए२ वर चालू करा.

नेटवर्क यादीतच दिसत नाही, ही वेगळी गोष्ट. राउटर नुकताच चालू केला असेल आणि २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्याचं नाव दिसतंय पण ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं नाही, तर थोडं थांबा. ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या लहान भागांवर, रडारही चालतात. त्या चॅनेलवर प्रसारण सुरू करण्याआधी राउटरने किमान एक मिनिट नुसतं ऐकावं असा नियम आहे, आणि हवामान रडारच्या चॅनेलसाठी काही ठिकाणी ही मुदत दहा मिनिटांची आहे. चालू असतानाही रडारची चाहूल लागली तर राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो आणि फोन काही कारण नसताना तुटल्यासारखा वाटतो. विमानतळ किंवा बंदराजवळ राहणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. चॅनेल ३६ ते ४८ मधला निवडला की हा प्रश्न बहुतेक ठिकाणी मिटतो.

जोडलंय, पण "इंटरनेट नाही"

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते इथे, म्हणून जरा सावकाश बघू.

फोनला कसं कळतं की इंटरनेट नाही? नेटवर्कला जोडल्याबरोबर अँड्रॉइड एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवतो आणि २०४ हा कोड परत येण्याची वाट बघतो. त्याचा अर्थ 'पोचलं, दाखवायला काही नाही'. आयफोन असंच एक पान मागवतो, ज्यावर 'सक्सेस' एवढाच शब्द असतो. अपेक्षित उत्तराऐवजी भलतंच पान आलं तर फोन समजतो की इथे आधी लॉग-इन करायचंय. काहीच आलं नाही तर चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह येतं. म्हणजे उद्गारचिन्ह दिसलं की राउटरपर्यंतचा दुवा ठीक आहे आणि इंटरनेटवरचं उत्तर कुठेतरी हरवतंय.

ते हरवण्याच्या जागा मोजक्या आहेत. लाइनच बंद असणं ही पहिली. त्यासाठी राउटरवरचा इंटरनेटचा दिवा बघा. फायबरच्या जोडणीत 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये. तेव्हा फोनमध्ये काहीही करून उपयोग नाही, कंपनीला कळवा.

दुसरी जागा डीएनएस. वेबसाइटचं नाव घेऊन तिचा आकडी पत्ता देणारी ही सेवा. ती बंद पडली की इंटरनेट चालू असूनही काहीच उघडत नाही. अँड्रॉइडमध्ये २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग आली. जाहिराती अडवण्यासाठी पुष्कळ जण तिथे कुठल्या तरी सेवेचं नाव टाकतात आणि विसरून जातात. ती सेवा बंद पडली किंवा एखाद्या नेटवर्कने तिची वाट अडवली की फोन हट्टाने तिच्याकडेच विचारत राहतो आणि "इंटरनेट नाही" असं सांगतो. घरी चालतं पण ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर चालत नाही, अशी तक्रार आली की मी सर्वात आधी हीच सेटिंग बघतो. ती 'ऑटोमॅटिक' वर आणून ठेवा. नेट लगेच सुरू झालं तर कारण सापडलं. उलट, राउटरने दिलेलं डीएनएसच आजारी असेल, तर त्या नेटवर्कपुरतं हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघता येतं. आयफोनमध्ये नेटवर्कच्या नावाशेजारच्या 'आय' चिन्हात 'कॉन्फिगर डीएनएस' इथे, अँड्रॉइडमध्ये नेटवर्क बदलताना आयपी सेटिंग 'स्टॅटिक' करून. स्टॅटिक करताना पत्त्याचे बाकीचे रकानेही भरावे लागतात. ते नीट समजत नसतील तर तो मार्ग टाळा आणि डीएनएस राउटरवरच बदला.

तिसरी जागा व्हीपीएन, म्हणजे फोनचं सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय. चालू राहिलेलं, मुदत संपलेलं किंवा एखाद्या 'सुरक्षा' ॲपने गुपचूप लावलेलं. वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह किंवा 'व्हीपीएन' ही अक्षरं दिसतात का बघा.

चौथी जागा इतकी साधी आहे की तिच्याकडे कोणी बघत नाही: फोनची तारीख. बॅटरी पूर्ण संपून फोन पुन्हा चालू झाला आणि तारीख मागे गेली, तर सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं फोनला अवैध वाटतात. एकेक पान "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत नकार देतं. तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर ठेवा.

लॉग-इन लागणाऱ्या सार्वजनिक वाय-फायवर ते पानच पुढे येत नसेल तर व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिक करा, आणि ब्राउझरमध्ये कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम हा पत्ता इंग्रजीत टाका, सुरुवातीला एचटीटीपी लिहून, एस न लावता. लॉग-इनचं पान बहुतेक वेळा तिथेच प्रकटतं. अँड्रॉइडवरही हे चालतं.

मधूनच तुटतं, मधूनच येतं

ही तक्रार सगळ्यात त्रासाची, कारण तपासायला बसावं तेव्हा सगळं ठीक असतं. इथे तपासण्यापेक्षा निरीक्षणाने काम होतं. तुटतं ते ठरावीक जागी, ठरावीक वेळी, की फोन बराच वेळ हातात न घेतल्यावर?

ठरावीक जागी तुटत असेल तर रेंज. फोनवरच्या रेघांवर विसंबू नका, आकडा बघा. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो उणे असतो: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की जोडलेलं दिसतं पण काम होत नाही. अँड्रॉइडवर हा आकडा दाखवणारी मोफत ॲप आहेत. आयफोनवर ॲपलच्याच 'एअरपोर्ट युटिलिटी' ॲपमध्ये सेटिंग्जमधून वाय-फाय स्कॅनर चालू करता येतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जास्त पोचतं पण गर्दीचं असतं. शेजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात आहेत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे लवकर हरतं. २.४ वर चॅनेल हाताने निवडायचा तर १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. 'मोकळा दिसतोय' म्हणून ३ किंवा ४ निवडलात तर दोन्हीकडचा गोंगाट घ्याल.

फोन कोणत्या पट्ट्यावर आहे हे तपशिलातल्या 'लिंक स्पीड'वरूनही कळतं. ७२ किंवा १४४ मेगाबिटच्या आसपास असेल तर बहुधा २.४, आणि ४३३ किंवा ८६६ दिसलं तर ५ गिगाहर्ट्झ. हा वेग फोन आणि राउटर यांच्यातला आहे, तुमच्या इंटरनेटचा नाही. तो ४३३ असताना वेबपान रांगत असेल तर वाय-फायला दोष देऊ नका.

घरात दोन राउटर किंवा एक्स्टेंडर (रेंज वाढवणारं उपकरण) असतील तर दोन दोष वारंवार दिसतात. एक, फोन लांबच्या राउटरला चिकटून राहतो. कोणत्या राउटरला जोडायचं हे ठरवतो फोन, राउटर नाही. आयफोन सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायलाच लागत नाही. राउटरची ताकद वाढवून हे बिघडतं. एखाद्या राउटरची प्रसारण ताकद थोडी कमी केली तर फोन वेळेवर हात सोडतो.

दुसरा दोष जास्त फसवा आहे आणि त्याने भल्याभल्यांचे दिवस खाल्लेत. जुना राउटर केबलने नव्याला जोडून रेंज वाढवली, पण जुन्यावरचं डीएचसीपी बंद करायचं राहिलं. आता एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन झाले. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता फोन घेतो. मुख्य राउटरचं पोचलं तर सगळं चालतं. जुन्याचं पोचलं तर फोन बाहेरचा रस्ता त्याला विचारतो आणि त्याच्याकडे तो नसतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही, कुणाच्या फोनवर चालतं, कुणाच्या नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर नशिबावर. ओळखायची खूण सोपी आहे: नेट चालत असताना आणि अडलेलं असताना नेटवर्कच्या तपशिलातला 'राउटर' किंवा 'गेटवे' चा पत्ता लिहून ठेवा. दोन वेळी दोन वेगळे पत्ते दिसले तर हाच घोळ. जुन्या राउटरवरचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, आणि केबल त्याच्या 'लॅन' लिहिलेल्या खोबणीत लावा.

फोन पडून राहिल्यावर तुटत असेल तर बॅटरी बचत. काही फोन स्क्रीन बंद झाल्यावर ॲपना नेटपासून तोडतात, मग मेसेज थव्याने येतात, फोन उघडल्यावर. वाय-फाय तुटलेलंच नसतं. त्या ॲपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

आयफोनवर आणखी एक गोष्ट. कंट्रोल सेंटरमधलं वाय-फायचं बटण दाबलं की वाय-फाय पूर्ण बंद होत नाही, फोन फक्त चालू नेटवर्क सोडतो आणि पहाटे ५ पर्यंत किंवा तुम्ही दुसऱ्या ठिकाणी जाईपर्यंत आपोआप जोडत नाही. "रात्री बंद केलं होतं, सकाळी आपोआप चालू कसं झालं" आणि "घरीच आहे तरी जोडत का नाही" या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हे आहे. खरंच बंद करायचं असेल तर सेटिंग्जमधून करा.

आणि राउटरवर ओळखीच्याच उपकरणांना प्रवेश असेल तर: अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) देतो. खासगीपणासाठी हे चांगलं आहे. पण राउटरच्या यादीत खरा पत्ता नोंदवलेला असेल तर फोन अनोळखी ठरतो. घरच्या नेटवर्कपुरता 'डिव्हाइस मॅक' निवडा, किंवा आयफोनवर 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' बंद करा.

नेट चालतं, पण टीव्ही किंवा प्रिंटर दिसत नाही

फोन प्रिंटर शोधतो म्हणजे नेटवर्कवर मोठ्याने विचारतो, "इथे छापणारं कोणी आहे का?" राउटरने ही हाक अडवली की प्रिंटर असूनही नाही. अडवण्याचं नेहमीचं कारण गेस्ट नेटवर्क. ते मुद्दामच असं बनवलेलं असतं की त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत. फोन गेस्टवर आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवर असेल तर कितीही शोधा, सापडणार नाही. मुख्य नेटवर्कवरही उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी 'एपी आयसोलेशन' ही सेटिंग चालू असेल तर तेच. होस्टेल आणि हॉटेलच्या वाय-फायवर टीव्हीला कास्ट होत नाही ते यामुळे, आणि तिथे तुमच्या हातात काही नाही. आपला हॉटस्पॉट हा तिथला व्यवहार्य मार्ग आहे.

आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्क वापरायची परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत 'नाही' म्हटलं असेल तर ते ॲप कायमचं आंधळं होतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे लोकल नेटवर्क, तिथून परवानगी द्या. व्हीपीएन इथेही आड येतं.

कास्ट आणि मिररिंग यांतला फरक माहीत असला तर बराच वेळ वाचतो. कास्ट करताना फोन टीव्हीला फक्त सांगतो की कोणता व्हिडिओ हवा आहे. व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. म्हणून कास्ट सुरू झाल्यावर व्हिडिओ अडखळत असेल तर टीव्हीची रेंज तपासा, फोनची नव्हे. मिररिंगमध्ये फोनची स्क्रीनच टीव्हीवर दिसते. मिराकास्ट या पद्धतीचं मिररिंग फोनमधून थेट टीव्हीकडे जातं, त्याला राउटर लागत नाही, पण सगळे फोन ते देत नाहीत.

स्मार्ट दिवे आणि प्लग जोडताना पहिल्याच पायरीला अडत असेल तर ते बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करा, दिवा जोडा, मग चालू करा. नंतर फोन ५ वर आणि दिवा २.४ वर असला तरी चालतं.

वाय-फाय कॉलिंग

घरात मोबाइलची रेंज नाही, पण वाय-फाय आहे, अशा ठिकाणी याच्याइतकं उपयोगी काही नाही. यासाठी वेगळं ॲप लागत नाही, नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखा कॉल. मात्र कंपनी आणि फोनचं मॉडेल, दोघांचा पाठिंबा हवा.

चालतंय की नाही हे तपासायची खात्रीची रीत: एअरप्लेन मोड चालू करा, मग वाय-फाय पुन्हा चालू करा आणि साधा कॉल लावा. लागला तर वाय-फाय कॉलिंग चालू आहे. नाही लागला तर सेटिंग बघा. सेटिंग चालू असून लागत नसेल तर दुसऱ्या एखाद्या वाय-फायवर हीच चाचणी करा. तिथे लागला तर पहिला राउटर वाट अडवतोय. हे कॉल एका सुरक्षित बोगद्यातून कंपनीकडे जातात आणि त्यासाठी यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या क्रमांकाच्या वाटा, मोकळ्या लागतात. राउटरच्या फायरवॉलमध्ये हा बोगदा जाऊ देणारी 'आयपीसेक पासथ्रू' ही सेटिंग चालू करा. ऑफिसच्या नेटवर्कवर ते मुद्दाम बंद असू शकतं.

बोलत बोलत घराबाहेर पडल्यावर कॉल तुटत असेल तर तो वाय-फायवरून ४जीवर सोपवला जात नाहीये. व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) चालू आहे ना बघा. ज्या कोपऱ्यात वाय-फाय अर्धवट पोचतं तिथे कॉलचा आवाज तुटतो, कारण फोन कमजोर वाय-फाय सोडायला तयार नसतो. तिथे वाय-फाय बंद करून बोलणंच बरं.

राउटरविना होणारी कामं

क्विक शेअर आणि एअरड्रॉप, दोन्ही ब्लूटूथने समोरच्याला शोधतात आणि मोठी फाइल वाय-फायने पाठवतात. ब्लूटूथ बंद असेल तर समोरचा दिसतच नाही. एअरड्रॉपच्या वेळी पर्सनल हॉटस्पॉट बंद ठेवा. 'सगळ्यांकडून' की 'फक्त संपर्कातल्यांकडून' हा पर्याय तपासा, नव्वद टक्के अडचण तिथेच असते असं म्हणायला हरकत नाही.

हॉटस्पॉट दुसऱ्या उपकरणाला दिसत नसेल तर बहुधा तो ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि ते उपकरण जुनं आहे. अँड्रॉइडवर बँड २.४ करा, आयफोनवर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

फोटोंचा बॅकअप वाय-फायवरही अडून बसला असेल तर ते नेटवर्क 'मीटर्ड' म्हणून नोंदलंय का ते बघा. तसं असेल तर फोन त्याला मोबाइल डेटासारखं जपून वापरतो. आयफोनवर त्याच जागी 'लो डेटा मोड' असतो. अँड्रॉइडवर कोणाच्या तरी हॉटस्पॉटला जोडताना 'मीटर्ड' आपोआप लागू शकतं.

रीसेट, आणि त्यानंतर

'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट' हा उपाय बऱ्याचदा सगळ्यात आधी सुचवला जातो, तो शेवटी करा. त्याने साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात, अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात. आयफोनवर व्हीपीएनची सेटिंग्ज जाऊ शकतात. करण्याआधी पासवर्ड लिहून ठेवा. मुख्य म्हणजे, रीसेटने दोष गेला तर तो का होता हे कधीच कळत नाही.

फोनच बिघडलाय हे मानायच्या खुणा वेगळ्या असतात. वाय-फायचं बटण करडं पडून दाबलंच जात नाही. शेजारच्या फोनला यादीत भरपूर नेटवर्क दिसतात आणि याला एकही नाही. किंवा राउटरला टेकवल्यावरच जोडतो आणि चार पावलं मागे गेलं की तुटतो. फोन पडल्यावर किंवा बॅटरी, स्क्रीन बदलून आणल्यावर हे सुरू झालं असेल तर आतली अँटेनाची जोडणी सुटली असण्याची शक्यता मोठी आहे. ती दुरुस्त होते. फोन दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या. वाय-फाय चालत नसलं तरी केबल लावून कॉम्प्युटरवर तो घेता येतो.